वहिनींचा काळा दगड आणि राखोलीची भट्टी

सिल्वासाला बघण्यासारखं काय आहे, असं मला गावात चार जणांनी विचारलं. नदी आहे, धरण आहे, कारखाने आहेत. गुजरातेत दारूला बंदी आणि तिथं ती उघड मिळते, म्हणून वेशीवरच्या दुकानांपुढं गर्दी असते. पण मी यातलं काही बघायला गेलो नव्हतो. मी एक दगड दाखवायला गेलो होतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढं गुरुजींशी भांडण झालं नि शाळा सुटली. चूक गुरुजींची होती हे मी आजही सांगतो. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर ते माझं, पण जे पाहिलं ते पाहिलं तसंच लिहितोय.

दगड असा: लिंबाएवढा, एका टोकाला निमुळता, काळा कुळकुळीत. अंगभर खड्डे आणि बारीक नाल्या, जणू ओल्या मातीच्या गोळ्यावर कुणी बोटं दाबत गेलंय. हातात घेतला तर काचेसारखा गार लागतो. माझा थोरला भाऊ लढाईच्या काळात पलटणीतून मलायाकडं गेला, तिथून सयामात. तिथल्या एका शेतकऱ्याला नांगरताना हा दगड सापडलेला. त्यानं तो भावाला दिला आणि बोट वर करून आभाळ दाखवलं. भाऊ घरी परतला तेव्हा त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्यातला संसार दीड महिन्याचा. येताना त्यानं दुसरं काही आणलं नाही. दगड वहिनींच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आभाळातून पडलेला आहे."

आता भाऊ माझा असला तरी खरं ते सांगितलं पाहिजे. तो थापा मारायचा. सयामातले डास चिमणीएवढे, तिथल्या हत्तीला त्यानं मराठी शिकवलं, असलं काहीबाही. गाव हसायचं आणि मी गावाशी भांडायचो. वहिनी हसायच्या नाहीत, भांडायच्याही नाहीत. दगड मात्र त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, देवांच्या मागं, तांबड्या फडक्यावर. भाऊ गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण दगड जागचा हलला नाही.

यंदा दिवाळीला वहिनींचे जावई धनराज आले. ते सिल्वासाजवळ राखोलीला काचेच्या कारखान्यात आहेत. नमस्कार करायला देव्हाऱ्यापुढं वाकले, दगड दिसला, हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "मामी, हा तर भट्टीचा मळ, काच वितळवून उरतो तो! आमच्या कारखान्यामागं असले ढीग पडलेत."

वाईट मनानं बोलले नाहीत. पण वहिनी पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. जावई परत गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"भाऊजी, तुमचे भाऊ फार खोटं बोलायचे. मला काय कळत नव्हतं? पण हे एक खरं धरून मी चालले. तुम्ही जाऊन बघून या. भट्टीचा निघाला तर भट्टीचा म्हणून सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

वहिनी पंचाहत्तरच्या पुढच्या आहेत. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. शिवाय या दगडापायी मी गावात निम्म्या लोकांशी बोलणं सोडलेलं. तो भट्टीचा निघाला असता तर मी तोंड कुठं दाखवणार होतो? दगड धोतराच्या फडक्यात बांधला आणि निघालो.

वापी

दोंडाईच्याहून सुरतेपर्यंतचं आणि पुढचं काही लिहीत नाही. गाडीत बसलो, ढकलाढकली झाली, उतरलो. वापीला धनराज घ्यायला आले होते. स्टेशनबाहेर रस्त्याच्या कडेला एक बाई मडकं उपडं घालून त्यावर वाळका पाला नि शेणी पेटवून बसली होती. मी थांबलो. मडकं उपडं घालून स्वयंपाक करताना मी जन्मात कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, उंबाडियुं छे. चाखी जुओ," ती म्हणाली.

राख बाजूला करून तिनं मडकं सुलटं केलं. आत कसलासा वासाचा पाला भरलेला, त्यात पापडीच्या शेंगा, रताळी, कोनफळ, हिरवा मसाला. पाण्याचा थेंब नाही, सगळं आपल्याच वाफेत शिजलेलं. आपल्याकडं वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात त्यातलाच प्रकार, पण आपलं वांगं उघड्यावर भाजतं आणि इथं सगळं कोंडून ठेवतात. चव चांगली. आपल्या भरताइतकी नाही, हे मी तिथंच सांगितलं. ती हसली आणि आणखी दोन शेंगा वाढल्या.

अथाल

धनराज आणि माझी पुतणी सुमन अथालला एका चाळीत राहतात. चाळीत धुळ्याकडचे, नंदुरबारचे, बिहारचे असे सगळे कारखान्यांतले लोक. भाषा तर अशी झालीय की सुमन शेजारणीला म्हणाली, "भाभी, पाणी आवी गयुं, जल्दी भरून घ्या." मी म्हटलं, "सुमे, हे एका दमात तीन मुलखांचं बोललीस." ती म्हणाली, "आबा, एकाच मुलखाचं बोलले तर नळावर नंबर लागत नाही."

चाळीच्या टोकाच्या खोलीत सामंतबाई राहतात. मालवणकडच्या, सरकारी मराठी शाळेत शास्त्र शिकवतात. धनराजनीच मला त्यांच्याकडं नेलं. मनातून त्यांना वाटत असावं, बाई एकदा 'भट्टीचा' म्हणाल्या की म्हातारा गप्प बसेल. बाईंनी दगड उन्हात धरला, भिंगातून बराच वेळ पाहिला. मग शाळेतून आणलेलं एक जाडं पुस्तक उघडलं.

"आबा, तुमचे भाऊ अर्धं खरं बोलले असावेत."

"अर्धं कसं? एक तर पडला, नाही तर नाही पडला."

"पडला. पण त्याआधी वर गेला होता."

मला वाटलं बाई चेष्टा करतायत. पण त्या समजावून सांगू लागल्या. डोंगराएवढा धोंडा आभाळातून येऊन जमिनीवर आदळला. इतक्या जोरात की तिथली मातीवाळू वितळून पाण्यासारखी झाली आणि तिचे शिंतोडे वर उडाले, हवेच्याही पार वर. वर जाता जाता, फिरता फिरता ते गार होऊन काच झाले आणि शेकडो कोसांवर जाऊन पडले. सयामात, मलायात, पार ऑस्ट्रेलियापर्यंत. त्याला म्हणायचं टेक्टाइट.

"म्हणजे हा आभाळातला नाही. जमिनीतलाच."

"जमिनीतलाच. आभाळात जाऊन आलेला."

मग मला गुऱ्हाळ आठवलं. काहिलीतला पाक उकळताना फुटतो, शिंतोडे उडतात आणि गार राखेत पडेपर्यंत त्यांच्या गोळ्या होतात. कुठली गोळी थेंबासारखी, कुठली चपटी, आणि गरगरत गेलेली दोन्हीकडं फुगीर, मधे बारीक. मी हे सांगितलं तर बाईंनी पुस्तकातलं चित्र माझ्यापुढं सरकवलं. अगदी तेच आकार! गुऱ्हाळावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवायला पुस्तक कशाला पाहिजे, असं मी म्हटलं. बाई हसल्या.

"कधी झालं हे?"

"सात-आठ लाख वर्षांपूर्वी."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"मग जिथं तो धोंडा आदळला, तो खड्डा तरी?"

"तो अजून नक्की सापडलेला नाही, आबा."

"एवढा मोठा खड्डा आणि हरवला? आमच्या गावातली विहीर हरवली तर आम्ही पंचायतीला सोडत नाही."

इथवर माझं ठीक चाललं होतं. खड्डे आणि नाल्यांचंही मी सांगून टाकलं: खाली येताना वाऱ्यानं बोटं मारली, त्याच्या या खुणा. बाईही म्हणाल्या, असेल, उडताना पृष्ठभाग पुन्हा वितळतो असं लिहिलंय. धनराज दाराला टेकून ऐकत होते. ते पुढं आले, दगडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाही बाई. हे पोळलेलं नाहीये. हे खाल्लेलं आहे."

"कुणी खाल्लेलं?" मी विचारलं.

"उद्या कारखान्यात या. दाखवतो."

राखोली

दमणगंगेच्या काठानं राखोलीला गेलो. दोन्ही अंगांना कारखाने. मधेच एखादं कुडाचं, शेणानं सारवलेलं वारल्यांचं घर, पुढं भाताच्या पेंढ्यांची उडवी, आणि त्याला लागूनच सुताच्या कारखान्याची लांबच लांब भिंत. कारखान्याची घरघर चालू, तरी कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या.

धनराज काचेवर नक्षी काढायच्या खात्यात आहेत. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडाला फडकं. काचेवर मेण लावायचं, नक्षी कोरायची, मग ॲसिडात बुडवायचं. मेण असतं तिथं काच वाचते, बाकीची ॲसिड खातं. या ॲसिडाला काचेची बरणी चालत नाही. बरणीच खाऊन टाकतं! प्लास्टिकच्या कॅनमधे ठेवतात. काचेच्या कारखान्यात काचेची बरणी चालत नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग त्यांनी एक साधा पेला घेतला, खिळ्यानं त्यावर दिसेल न दिसेल असा ओरखडा काढला आणि चिमट्यानं ॲसिडात धरला. मला लांब उभं केलं. काही वेळानं पेला धुऊन हातात दिला. सगळा पेला धुरकट झालेला आणि ओरखड्याच्या जागी नाली पडलेली, बोटाला लागेल अशी.

"बघा आबा. जिथं काच आधीच दुखावलेली असते, किंवा आतून ताणलेली असते, तिथं ॲसिड आधी घुसतं. मग खोल खोल जात राहतं. आता तुमचा दगड बघा."

मी पाहिला. नाल्या तशाच, तळ गोल आणि काठ धारदार. पोळलेल्या वस्तूचे काठ असे राहत नाहीत. पोळलं की काठ मऊ होतात, गुळाच्या ढेपेसारखे. हे मलाही कळत होतं, फक्त मान्य करायला वेळ लागला.

"पण शेतात ॲसिड कुठून आलं?"

"ओल्या मातीत असतंच थोडं. पाला कुजतो, पावसाचं पाणी मुरतं. आमचं ॲसिड जे मिनिटांत करतं, त्याला माती लाखो वर्षं घेईल."

संध्याकाळी सामंतबाईंनी पुस्तक पुन्हा काढलं आणि पुढचं पान वाचून दाखवलं. धनराजचंच खरं होतं. जे शिंतोडे लांब ऑस्ट्रेलियात जाऊन पडले, ते इतक्या वेगानं खाली आले की त्यांचं तोंड पुन्हा वितळलं आणि मागं वाहून कडेला चकतीसारखी झालर झाली. पण सयामाकडच्यांचे खड्डे बहुतेक मातीनं खाल्ल्याचे. बाई म्हणाल्या, "धनराजभाऊ, मी पान अर्धंच वाचलं होतं." चुकलो असं इतक्या सहज म्हणणारी मास्तरकीतली ही पहिलीच व्यक्ती मी पाहिली.

मी धनराजकडं वळलो. "मग जावईबुवा, भट्टीचा नाही ना?"

"तसं नाही म्हटलं मी, आबा. भट्टीचा मळही कुणी शेतात फेकला असेल, तोही मातीनं खाल्ला असेल. लाख वर्षं नाही, पण थोडाफार. खात्री एकाच गोष्टीनं होईल. काच करताना आम्ही वाळूत सोडा घालतो, म्हणजे ती लवकर वितळते. मळसुद्धा ज्योतीखाली लगेच फसफसतो. निसर्गात सोडा कोण घालणार? हा खरंच तसा असेल, तर आमच्या ज्योतीला दाद देणार नाही."

"मग धरा ज्योत."

"अख्खा धरला तर तडकेल. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढावा लागेल."

नदीकाठी

त्या रात्री मी जेवलो नाही. सुमननं नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी केली होती, ती तशीच राहिली. तुम्हाला कळलंच असेल का. देव्हाऱ्यातली मूर्ती खंडित झाली की ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. दगड फोडला तर वहिनींना त्याचं तोंडही पुन्हा बघता येणार नव्हतं. नाही फोडला तर मी नुसतं बाईंच्या पुस्तकातलं ऐकून परत जाणार होतो, आणि वहिनी विचारणार होत्या, "नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणगंगेवर जाऊन बसलो. पाणी रुंद आणि संथ, आपल्या पांझरेला पावसाळ्यातसुद्धा एवढं नसतं. एक वारली बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून झोळीसारख्या जाळ्यानं बारीक मासे धरत होती. मी काठावर दगड हातात धरून बसलेला पाहून तिनं विचारलं, "काय रं बाबा, पाण्यात टाकाया आणलास काय?"

"नाही," मी म्हटलं. "अजून ठरलं नाही."

"मंग लांब टाक. मासं पळतील."

दुपारपर्यंत बसलो. एकच गोष्ट पुनःपुन्हा मनात येत होती. वहिनींनी मला दगड सांभाळायला पाठवलं नव्हतं. 'बघून या' म्हणाल्या होत्या. मी परत आलो, सुमनला म्हटलं भाकरी वाढ, आणि धनराजला सांगितलं, "उद्या फोडू. पण हातोडी मी मारणार."

पुन्हा राखोली

छोट्या हातोडीनं मी निमुळत्या टोकाच्या खालच्या बाजूला मारलं. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला टिचकी मारल्यासारखा आवाज आला आणि कपरी उडाली. बाहेरून इतका खरबरीत, पण तुटलेली जागा आरशासारखी, शिंपल्यासारख्या वळ्या पडलेली. कपरी उजेडात धरली तर काळी नव्हतीच ती. काठाला गुळाच्या रंगाची, आरपार दिसणारी. इतकी वर्षं ज्याला काळा म्हणत होतो, तो आतून तपकिरी निघाला.

धनराजनी भट्टीच्या विटेवर तीन दाणे ओळीनं मांडले: बाटलीच्या काचेचा, कारखान्यामागच्या मळाचा आणि आमचा. गॅसच्या नळीची निळी ज्योत सोडली. बाटलीची काच बघता बघता थेंब होऊन बसली. मळ पापडासारखा फुगला, बुडबुडे आले, फसफसून पसरला. आमचा दाणा नुसता लाल झाला. धनराजनी ज्योत वाढवली. पांढराफटक झाला, काठ जरासे गोल झाले, बस. बुडबुडा नाही, फुगणं नाही. आमच्या घराण्याचा वाटावा इतका हट्टी.

धनराजनी ज्योत बंद केली, तोंडावरचं फडकं काढलं.

"आबा, मी मामींना चुकीचं बोललो."

"बोललात. पण सिद्धही तुम्हीच केलंत." एवढं मी म्हटलं. त्यापेक्षा जास्त मी कुणाला म्हणत नाही.

निघताना फाटकावर घोटाळा झाला. पहारेकऱ्यानं पिशवी तपासली, दगड निघाला.

"चाचा, कारखाने का माल बाहर?"

"माझा आहे. घरून आणलाय."

त्यानं उलटसुलट पाहिला आणि पिशवीत टाकला. "अरे, ये तो भट्ठी का कचरा है. ले जाओ."

मी पिशवी खाली ठेवली आणि फाटकातच उभा राहिलो. "कचरा म्हणून सोडत असशील तर मी जात नाही."

मागं सायकलींची रांग लागली. धनराज विनवत होते, "आबा, चला ना, पाळी सुटलीय." मी म्हटलं, तो शब्द मागं घेऊ दे. शेवटी पहारेकरी हात जोडून म्हणाला, "चाचा, हीरा है, हीरा. अब जाओ." हिराही नाही तो, पण तेवढं मी सोडून दिलं.

घरी

वहिनी अंगणात तुरी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. धोंडा, शिंतोडे, वर जाणं, खाली येणं, मातीनं खाणं, ज्योत. मधे एकदाच विचारलं, "म्हणजे मातीच ती?"

"मातीच. पण वर जाऊन आलेली. भावानं खोटं सांगितलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि सुपातला एक खडा वेचून टाकला. मग मी दगड पुढं केला, फुटलेली बाजू वर करून.

"वहिनी, एक सांगायचंय. तुकडा काढावा लागला. आता खंडित झाला. देव्हाऱ्यात चालायचा नाही."

"देव्हाऱ्यात?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, तो देव आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच तर तिथं ठेवला."

"मग कुठं ठेवू? सासूबाई, नणंदा, पोरं, तुम्ही. या घरात देव्हारा सोडून एक जागा दाखवा जिथं कुणी हात घालत नव्हतं. मी त्याला कधी कुंकू लावलं? पाणी घातलं? सांभाळला फक्त. त्यांनी दिलेला, म्हणून."

नदीकाठची ती सकाळ, ती उपाशी रात्र, सगळं माझं मीच उभं केलेलं. मी सकाळी देव्हाऱ्याकडं न बघता शेतावर जाणारा माणूस, मला काय माहीत असणार?

वहिनींनी दगड हातात घेऊन फुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. तिथली काच गुळगुळीत होती. बोट तिथंच राहिलं.

"तुकडा कुठाय?"

"तिथंच राहिला. विटेवर."

"कुठल्या विटेवर?"

"कारखान्यात. तापून विटेला चिकटलाय. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे हो, वहिनी."

"मग विटेसकट घेऊन या," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "आभाळात जाऊन परत आला ना? मग सिल्वासाहून यायला त्याला काय झालं?"